गुन्ह्याची नोंद आणि महापालिकेची नोकरी : ठाणे-नवी मुंबईतील उमेदवारांसाठी मार्गदर्शक

२०२५ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने ६२० आणि ठाणे महानगरपालिकेने १,७७३ पदांची जाहिरात काढली. तेव्हापासून कळवा, दिघा, वागळे इस्टेट, तुर्भे या भागांतली अनेक मुले-मुली माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात : ‘माझ्या नावावर एक केस आहे, मी अर्ज भरू का?’ महापालिका सेवेत लागण्यापूर्वी चारित्र्य पडताळणीच्या याच वाटेने मी गेलो आहे. चाळीतल्या पाण्याच्या भांडणावरून दाखल झालेल्या गुन्ह्यात मी आरोपी क्रमांक चार होतो आणि निवड होण्याआधीच न्यायालयाने आम्हा सर्वांची निर्दोष मुक्तता केली होती.

त्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की अर्ज जरूर भरावा. नुसता गुन्हा दाखल झाला म्हणून नोकरीचा मार्ग आपोआप बंद होत नाही. माझ्या पाहण्यात ज्यांच्या नियुक्त्या अडकल्या, त्यांतील बहुतेकांच्या केस किरकोळ होत्या. अडचण आली ती माहिती दडवल्यामुळे, अर्धवट लिहिल्यामुळे किंवा निकालाचा कागद हाताशी नसल्यामुळे. हे सारे वेळीच टाळता येते, म्हणून पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. लिपिक, अग्निशामक, परिचारिका, वाहनचालक, सफाई कामगार अशा सर्व पदांना त्या लागू पडतात. सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी देण्याबाबतच्या लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाहक्काने किंवा अनुकंपा तत्त्वावर लागणाऱ्यांनाही पडताळणी चुकत नाही. पोलीस दलातील भरतीचे निकष अधिक कडक असल्याने ती येथे घेतलेली नाही.

१. आपल्या नावावर नेमके काय आहे ते आधी ओळखा

‘केस आहे’ या दोन शब्दांत लोक पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी कोंबतात आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. प्रत्येक गोष्टीचा कायदेशीर अर्थ वेगळा आहे आणि फॉर्ममध्ये लिहायचे उत्तरही त्यानुसार बदलते.

पहिला प्रकार एन.सी.चा, म्हणजे अदखलपात्र तक्रारीचा. शेजाऱ्याने शिवीगाळीची तक्रार दिली, पोलिसांनी ती नोंदवून तक्रारदाराला न्यायालयात जाण्याचा सल्ला दिला आणि विषय तिथेच थांबला, तर तुमच्यावर खटला चाललेला नसतो. तरीही पोलीस ठाण्याच्या नोंदीत नाव राहते आणि पडताळणीच्या वेळी ते समोर येऊ शकते, म्हणून तिचा क्रमांक व तारीख माहीत असलेली बरी.

दुसरा प्रकार दखलपात्र गुन्ह्याचा, म्हणजे एफ.आय.आर.चा. त्याला गुन्हा रजिस्टर क्रमांक असतो. तपासानंतर पोलीस एकतर दोषारोपपत्र दाखल करतात किंवा समरी अहवाल, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, न्यायालयाकडे पाठवतात. महाराष्ट्रात समरीचे प्रकार ठरलेले आहेत. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर ‘अ’ समरी, तक्रार द्वेषबुद्धीने खोटी दिलेली असेल तर ‘ब’ समरी आणि गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून गुन्हा नोंदला गेला असेल तर ‘क’ समरी. पोलिसांनी समरी पाठवली एवढ्यावर समाधान मानू नका. न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती मंजूर केल्याचा आदेश झाला तरच विषय मिटतो आणि तुम्हाला लागणारा कागद तो आदेशच आहे.

तिसरा प्रकार ‘चॅप्टर केस’चा. गणेशोत्सव, निवडणूक किंवा वस्तीतल्या तणावाच्या वेळी पोलीस प्रतिबंधक कारवाई करतात आणि चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून घेतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही कलमे १०७, ११० व १५१ अशी होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती अनुक्रमे १२६, १२९ व १७० आहेत. ही शिक्षा नाही. परंतु अनेक फॉर्ममध्ये ‘आपणांकडून कधी बंधपत्र घेण्यात आले आहे का?’ असा वेगळा प्रश्न असतो आणि ज्याच्यावर कधीच खटला चालला नाही असा उमेदवार तेथे निःशंक मनाने ‘नाही’ लिहून मोकळा होतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालील हद्दपारीची नोटीस किंवा आदेश असेल तर तोही याच वर्गात धरून स्वतंत्र नोंदवून ठेवा.

चौथा प्रकार सर्वांत फसवा आहे. ‘साहेबांनी गुन्हा कबूल करायला सांगितला, पाचशे रुपये दंड भरला, सुटलो’ असे सांगणारे कितीतरी जण भेटतात. जुगाराच्या अड्ड्यावर सापडलेले, दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेले, रूळ ओलांडताना रेल्वे पोलिसांच्या हाती लागून रेल्वे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहिलेले, हे सर्व जण आपल्याला शिक्षा झालीच नाही असे समजतात. न्यायालयात गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दोषसिद्धी होय. रक्कम किती लहान होती याने त्यात फरक पडत नाही. हेल्मेट नसल्याचे किंवा सिग्नल तोडल्याचे ई-चलन वाहतूक पोलिसांकडे तडजोड शुल्क म्हणून भरले असेल तर ते गुन्ह्याच्या नोंदीत मोडत नाही. चलन न्यायालयात गेले आणि तेथे दंड झाला, तर मात्र आदेशाची प्रत काढा.

शेवटी निकालांचे प्रकार. साक्षी-पुराव्यानंतर सुटलात तर निर्दोष मुक्तता, आरोप निश्चित होण्याआधीच सुटलात तर दोषमुक्ती. कायद्याने तडजोडयोग्य असलेला गुन्हा न्यायालयाच्या नोंदीवर आपसात मिटवला असेल, तर त्या तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेइतकाच असतो. मात्र वस्तीतल्या चार माणसांसमोर ‘मिटलं’ म्हणून हात मिळवले आणि न्यायालयात कोणी गेलेच नाही, तर तो खटला अजून जिवंत आहे आणि जुन्या पत्त्यावर समन्स परत जाऊन एव्हाना तुमच्या नावाने वॉरंटही निघालेले असू शकते.

२. सर्व ठिकाणच्या नोंदी शोधा

आपल्या भागात हद्दींचा घोळ मोठा आहे. ठाणे शहर, कळवा, मुंब्रा, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर हा पट्टा ठाणे पोलीस आयुक्तालयात येतो. दिघा-ऐरोली ठाणे तालुक्यात असले तरी पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचे आहे. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात असले तरी ऑक्टोबर २०२० पासून त्याला वसई-विरारसह स्वतंत्र आयुक्तालय आहे. पनवेल-खारघर नवी मुंबई पोलिसांकडे असले तरी जिल्हा रायगड आहे. म्हणून न्यायालयांतील खटल्यांची माहिती देणाऱ्या ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खारघरचा खटला ठाणे जिल्हा निवडून शोधाल तर तो सापडणार नाही. तेथे रायगड जिल्हा आणि पनवेल न्यायालय निवडावे लागते, तर वाशी-रबाळेकडच्या खटल्यांसाठी ठाणे जिल्हा आणि बेलापूर न्यायालय. ठाणे किंवा वाशी स्थानकाच्या हद्दीत घडलेल्या गुन्ह्याची नोंद लोहमार्ग पोलीस ठाण्यात असते, शहर पोलिसांकडे नाही.

ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोध घेताना नावाची सर्व रूपे टाकून पाहा. एफ.आय.आर.मध्ये वडिलांचे नाव गाळलेले असते, आडनावाचे स्पेलिंग बदललेले असते, विवाहित स्त्रीचे माहेरचे नाव असते, कधी तर केवळ टोपणनाव असते. ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ हे दोन्ही पर्याय वेगवेगळे तपासा. खटला सापडला की त्याचा सोळा अक्षरांचा सी.एन.आर. क्रमांक आणि आर.सी.सी. (नियमित फौजदारी खटला) किंवा एस.सी.सी. (संक्षिप्त फौजदारी खटला) क्रमांक उतरवून घ्या, कारण पुढे नक्कल मागताना हेच क्रमांक लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रसिद्ध झालेले एफ.आय.आर. पाहता येतात, मात्र संवेदनशील गुन्ह्यांचे तेथे ठेवलेले नसतात आणि जुन्या गुन्ह्यांसाठी पोलीस ठाण्यातच जावे लागते.

गाव वेगळे असेल, म्हणजे शिक्षण साताऱ्याला किंवा जळगावला झाले आणि नोकरीसाठी इकडे आलात, तर तेथील नोंदीही तपासा. फॉर्ममध्ये आधीच्या वास्तव्याचे पत्ते मागितलेले असतात आणि पडताळणी त्या पत्त्यांच्या पोलीस ठाण्यांकडेही जाऊ शकते.

३. कागदपत्रांची फाइल तयार करा

हे काम निवड यादी लागण्यापूर्वी करा. यादी लागल्यावर कागदपत्रे देण्यासाठी मिळणारी मुदत थोडी असते आणि न्यायालयाच्या नक्कल विभागाला तुमच्या मुदतीशी देणेघेणे नसते. फाइलमध्ये पुढील कागद असावेत :

- एफ.आय.आर.ची प्रत किंवा एन.सी.चा क्रमांक व तारीख
- दोषारोपपत्राची प्रत, किंवा समरी मंजूर झाल्याचा न्यायालयाचा आदेश
- निकालपत्राची प्रमाणित नक्कल (संकेतस्थळावरून छापलेली प्रत माहितीपुरती ठीक आहे, कार्यालयाला द्यायला नाही)
- दंड भरला असल्यास आदेश व पावती
- खटला चालू असल्यास अलीकडचा रोजनामा (न्यायालयातील तारखांच्या कामकाजाची नोंद) आणि जामिनाचा आदेश
- उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला असल्यास त्या आदेशाची प्रमाणित प्रत
- चॅप्टर केस असल्यास बंधपत्राची प्रत व त्याची मुदत संपल्याचा उल्लेख असलेला कागद
- आधार, पॅन, रहिवासाचे पुरावे, छायाचित्रे आणि आधीच्या पत्त्यांची तारीखवार यादी
- नावात बदल असल्यास राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र

नक्कल मिळवण्यासाठी ज्या न्यायालयात निकाल लागला तेथील नक्कल विभागात क्रमांकासह अर्ज करावा लागतो. आरोपी स्वतः अर्ज करू शकतो, त्यासाठी वकील लागतोच असे नाही. दोन प्रती काढा, कारण एक कार्यालयात जमा होते आणि परत येत नाही.

४. साक्षांकन नमुना भरताना

बहुतेक भरतींमध्ये ऑनलाइन अर्जातच एक घोषणा असते आणि निवड झाल्यावर साक्षांकन नमुना नावाचा सविस्तर फॉर्म स्वतःच्या अक्षरात भरून द्यावा लागतो. साऱ्या प्रक्रियेतला सर्वांत महत्त्वाचा कागद हाच आहे.

प्रश्न सामान्यतः असे असतात : आपणांस कधी अटक झाली आहे का, आपणांवर खटला भरला गेला आहे का, स्थानबद्ध केले गेले आहे का, बंधपत्र घेतले गेले आहे का, न्यायालयाने दंड केला आहे का, दोषी ठरवले आहे का, आणि हा फॉर्म भरताना आपणांविरुद्ध कोणते प्रकरण प्रलंबित आहे का. प्रत्येक प्रश्न स्वतंत्र आहे. निर्दोष सुटलेल्या माणसाला ‘दोषी ठरवले आहे का’ याचे उत्तर ‘नाही’ असे देता येते, पण ‘खटला भरला गेला होता का’ याचे उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागते. दोन्ही प्रश्न एकाच नजरेत वाचून सरसकट ‘नाही’ लिहिणे हीच सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. सायबर कॅफेतील मुलगा झटपट सर्व रकान्यांत ‘नाही’ निवडून देतो. तो पुढे तुमच्यासोबत महापालिकेच्या आस्थापना विभागात, म्हणजे नियुक्त्या पाहणाऱ्या विभागात, उभा राहणार नाही, म्हणून त्या रकान्यांवर स्वतः बोट ठेवून वाचा.

‘होय’ लिहिल्यानंतर तपशील अगदी कोरडा आणि पूर्ण असावा. माझ्या फॉर्मसोबत जोडलेल्या पानावरचा मजकूर साधारण असा होता, क्रमांक तेवढे येथे गाळले आहेत :

‘माझ्याविरुद्ध … पोलीस ठाण्यात गु.र.नं. … अन्वये भारतीय दंड संहिता कलम १४३, १४७, ३२३, ५०४ सह १४९ खाली गुन्हा दाखल झाला होता. सदर गुन्ह्यात मी आरोपी क्र. ४ होतो. मला अटक होऊन त्याच दिवशी जामीन मंजूर झाला. आर.सी.सी. क्र. … मध्ये मा. न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग यांनी दि. … रोजीच्या निकालाने माझी निर्दोष मुक्तता केली आहे. निकालाची प्रमाणित नक्कल सोबत जोडली आहे. याव्यतिरिक्त माझ्याविरुद्ध कोणताही गुन्हा अथवा प्रतिबंधक कारवाई माझ्या माहितीत नाही.’

भांडण कोणी सुरू केले, फिर्यादी कसा आहे, आपल्याला कसे गुंतवले याची कहाणी येथे लिहू नका. ‘माझ्या माहितीत’ हे शब्द मात्र ठेवा. न्यायालये दडवणुकीचा विचार करताना उमेदवाराला त्या गोष्टीची माहिती होती का हे पाहतात, आणि एफ.आय.आर.मध्ये ‘इतर दहा-पंधरा जण’ अशा उल्लेखाखाली नंतर नाव घातले गेलेला तरुण अनेकदा खरोखरच अंधारात असतो.

फॉर्म दिल्यानंतर आणि नियुक्तीपूर्वी काही नवीन घडले, म्हणजे गुन्हा दाखल झाला किंवा अटक झाली, तर तेही लेखी कळवण्याचे बंधन अशा फॉर्ममध्ये असते. अर्ज आवक विभागात द्या, दुय्यम प्रतीवर शिक्का व तारीख घ्या आणि ती प्रत नोकरी संपेपर्यंत जपून ठेवा. पुढे कोणी ‘तुम्ही सांगितले नव्हते’ असे म्हटले, तर तोच शिक्का तुमच्या बाजूने उभा राहतो.

५. पोलीस पडताळणी

महापालिका पडताळणीचे पत्र पोलीस आयुक्तालयाकडे पाठवते, किंवा उमेदवाराने पोलिसांच्या पोलीस क्लिअरन्स सर्व्हिसेस या ऑनलाइन सेवेतून स्वतः चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आणावे असे सांगते. कोणत्याही मार्गाने गेले तरी प्रत्यक्ष काम तुमच्या पत्त्याच्या पोलीस ठाण्यातील गोपनीय शाखेत होते. तेथील अंमलदार बोलावतात, मूळ कागद पाहतात, ठाण्याच्या नोंदी तपासतात आणि अहवाल वर पाठवतात. काही नसेल तर अहवाल ‘निरंक’ जातो.

माझा अहवाल निरंक असण्याचा प्रश्नच नव्हता, पण तो चुकीचा जाणार होता. ठाण्याच्या गुन्हे रजिस्टरमध्ये माझ्या गुन्ह्याच्या ओळीत तपासी अंमलदाराचे नाव होते, दोषारोपपत्राची तारीख होती आणि शेवटचा निकालाचा रकाना कोरा होता. न्यायालयात निकाल लागून बराच काळ लोटला होता, तरी तो या रजिस्टरपर्यंत पोहोचलाच नव्हता. त्यामुळे अंमलदारांनी मसुद्यात ‘गुन्हा न्यायप्रविष्ट’ असे लिहिले होते. मी फॉर्ममध्ये ‘निर्दोष मुक्तता’ लिहिले होते. असे दोन कागद महापालिकेत शेजारी शेजारी ठेवले असते, तर खोटे बोलणारा मीच दिसलो असतो. नक्कल हातात असल्याने मी ती दाखवली, न्यायालयीन पैरवीचे काम पाहणाऱ्या हवालदारांनी ती पडताळून निकाल रजिस्टरमध्ये भरून घेतला आणि अहवाल दुरुस्त होऊन गेला.

ही अडचण फार सर्वसाधारण आहे आणि तिचा दोष कोणा एका कर्मचाऱ्याचा नसतो. यासाठी निवड होण्याची वाट न पाहता निकाल लागताच नक्कल घेऊन संबंधित ठाण्यात लेखी अर्ज द्या की न्यायालयाच्या निकालाची नोंद आपल्या अभिलेखात घ्यावी. त्याचीही पोच घ्या.

पडताळणीसाठी कोणी पैसे मागितले किंवा ‘नोंद काढून टाकतो’ असे आश्वासन दिले, तर त्या वाटेला जाऊ नका. पोलीस आणि न्यायालय यांच्या नोंदी आज संगणकावर अनेक ठिकाणी असतात. एका ठिकाणचे पान गहाळ करून काहीही पुसले जात नाही, उलट लाच दिल्याचा नवा गुन्हा मात्र नावावर येऊ शकतो.

६. कार्यालय निर्णय कसा घेते

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा निवाडा म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात दिलेला निर्णय. त्यापूर्वीच्या परस्परविरोधी निवाड्यांमुळे झालेला संभ्रम त्याने दूर केला. तुमचा विषय आस्थापना विभागात अडकला, तर टिप्पणीत हाच निवाडा उद्धृत झालेला दिसेल, म्हणून त्याचा आशय समजून घ्या.

उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. घोषणाबाजीसारखा किंवा तरुण वयातील किरकोळ गुन्हा दडवला गेला असेल, तर नियोक्ता परिस्थिती पाहून तेवढ्या चुकीकडे दुर्लक्ष करू शकतो. गंभीर गुन्ह्यात दोषसिद्धी झाली असेल तर तो उमेदवारी रद्द करू शकतो. नैतिक अधःपतनाच्या किंवा गंभीर स्वरूपाच्या प्रकरणात केवळ तांत्रिक कारणाने सुटका झाली असेल, तर सुटका झाली तरीही पूर्वचारित्र्याचा विचार करता येतो. सत्य सांगितले म्हणून नियुक्ती द्यावीच लागते असेही नाही. खरी माहिती दिलेली असेल आणि प्रलंबित प्रकरण किरकोळ असेल, तर निकालाच्या अधीन राहून नियुक्ती देता येते. अनेक प्रकरणे प्रलंबित असताना ती दडवणे मात्र स्वतःच गंभीर मानले गेले आहे. फॉर्ममधील प्रश्न स्पष्ट असला पाहिजे आणि जे विचारलेच नव्हते ते सांगितले नाही म्हणून उमेदवाराला दोषी धरता येत नाही, हेही याच निवाड्यात आहे. कर्मचारी सेवेत कायम झालेला असेल, तर त्याला काढण्यापूर्वी विभागीय चौकशी आवश्यक ठरते.

पदाचे स्वरूपही पाहिले जाते. परिवहन उपक्रमात चालक म्हणून जाणाऱ्याच्या बाबतीत हयगयीने मृत्यू घडवल्याचा गुन्हा, लेखा विभागात जाणाऱ्याच्या बाबतीत फसवणूक किंवा अपहार, शाळा किंवा रुग्णालयातील पदासाठी महिला व बालकांविरुद्धचा गुन्हा, हे इतर पदांपेक्षा अधिक जड जाते आणि ते योग्यच आहे, असे मला वाटते. चाळीतील हाणामारीत नाव आलेल्या मुलाला सफाई कामगाराच्या किंवा लिपिकाच्या पदापासून वर्षानुवर्षे दूर ठेवणे मात्र कोणत्याही अर्थाने लोकहिताचे नाही आणि उपरोक्त निवाड्याचा रोखही तसा नाही.

निकालपत्रातील शब्द येथे महत्त्वाचे ठरतात. ‘संशयाचा फायदा देऊन’ असे शब्द दिसले की काही कार्यालये थबकतात. अशा वेळी निकालपत्राचा संपूर्ण मजकूर द्या आणि साक्षीदारांनी तुमचे नावच घेतले नव्हते, किंवा तुमच्या सहभागाचा पुरावाच नव्हता, असे न्यायालयाने ज्या परिच्छेदात म्हटले असेल त्याचा क्रमांक सोबतच्या पत्रात नमूद करा.

७. काही विशेष परिस्थिती

अठरा वर्षांखाली असताना घडलेल्या गोष्टींबाबत कायदा उमेदवाराच्या बाजूने स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार बालकाच्या बाबतीतील दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता येत नाही. अपवाद फक्त सोळा वर्षे पूर्ण झालेल्या आणि बालक न्यायालयाने प्रौढांप्रमाणे खटला चालवून दोषी ठरवलेल्या प्रकरणांचा. त्याच कायद्याच्या कलम ७४ नुसार निकाली निघालेल्या प्रकरणातील बालकाची नोंद पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करायची नसते. तरीही ती अहवालात आली, तर या दोन कलमांचा उल्लेख करून लेखी हरकत घ्या.

परिवीक्षेवर (प्रोबेशनवर), म्हणजे दोषी ठरूनही शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर, सोडले गेले असाल तर परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम १२ मुळे दोषसिद्धीला चिकटलेली अपात्रता दूर होते, मात्र दोषसिद्धीची घटना पुसली जात नाही. म्हणून ती फॉर्ममध्ये लिहायचीच असते.

आंदोलनांतील गुन्हे हा आपल्याकडचा मोठा विषय आहे. जून २०२१ मध्ये नवी मुंबई विमानतळाच्या नामकरणासाठी झालेला सिडको घेराव असो किंवा महागाईविरोधी मोर्चा, त्यांत सहभागी झालेल्या कोणाचे नाव गुन्ह्यात आले असेल आणि ‘शासनाने केसेस मागे घेतल्या’ असे त्याने ऐकले असेल, तर तेवढ्यावर विसंबू नये. कोविडकाळातील भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खालच्या, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याच्या, गुन्ह्यांबाबतही २०२२ मध्ये राज्य शासनाने तसा निर्णय घेतला होता. परंतु शासनाचा निर्णय ही सुरुवात असते. खटला न्यायालयात गेलेला असेल तर सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने संमती द्यावी लागते. आता ही तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये आहे. न्यायालयाचा आदेश हाती येईपर्यंत ‘प्रलंबित’ असेच लिहा.

कौटुंबिक वादातील गुन्हा दोन्ही बाजूंच्या संमतीने मिटला असेल, तर तो रद्द करून घेण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून भरतीची जाहिरात येण्याची वाट पाहू नका.

८. नकार आला तर

आधी लेखी कारण मागा. तोंडी ‘तुमचे होणार नाही’ याला काहीही अर्थ नाही. कारणे दाखवा नोटीस आली तर दिलेल्या मुदतीत मुद्देसूद उत्तर द्या आणि साक्षांकन नमुन्याची तुमच्याकडील शिक्का असलेली प्रत, निकालाची नक्कल आणि वर सांगितलेल्या निवाड्याचा संदर्भ जोडा. पोलीस अहवालात काय लिहिले आहे ते माहीत नसेल, तर माहितीच्या अधिकाराखाली तुमच्याच संदर्भातील अहवालाची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला तर पुढील तीस दिवसांत प्रथम अपील करता येते.

न्यायालयात जाण्याची वेळ आली तर मंच चुकवू नका. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, राज्य शासनाच्या सेवांसाठी आहे. महापालिकेच्या नियुक्तीबाबत मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते आणि तेथे विलंबही पाहिला जातो. वकिलाचा खर्च परवडणारा नसेल तर ठाण्याच्या न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेखालील व्यक्ती यांना तेथे विनामूल्य विधी साहाय्य मिळते.

९. कंत्राटी काम आणि रुजू झाल्यानंतर

ठेकेदारामार्फत किंवा ठोक मानधनावर लागतानाही पडताळणी मागितली जाते. ठेकेदाराचा मुकादम कोरा फॉर्म पुढे करून ‘फक्त सही कर, बाकी आम्ही भरतो’ म्हणाला तर सही करू नका, कारण पुढे कायम पदासाठी अर्ज कराल तेव्हा तो जुना फॉर्म तुमच्याच सहीचा पुरावा म्हणून बाहेर येऊ शकतो.

नियुक्ती आदेशात ‘चारित्र्य पडताळणीच्या अधीन राहून’ असे शब्द असतील, तर अहवाल येईपर्यंत नियुक्ती अंतिम नाही हे लक्षात ठेवा आणि अहवाल आला का याची आस्थापना विभागात अधूनमधून चौकशी करा. सेवेत असताना अटक झाली तर ती कार्यालयाला ताबडतोब लेखी कळवा. राज्य शासनाच्या शिस्त व अपील नियमांनुसार अठ्ठेचाळीस तासांहून अधिक कोठडी झाल्यास कर्मचारी निलंबित झाल्याचे मानले जाते. तुमच्या महापालिकेच्या सेवा नियमांत याबाबत काय तरतूद आहे, ते रुजू होतानाच आस्थापना विभागात विचारून घ्या.